काळा दगड समुद्रतळाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंत जमिनीखाली लागणारा काळा दगड म्हणजे पूर्वीचा समुद्रतळ, असे शाळांच्या प्रकल्पवह्यांत सर्रास लिहिलेले आढळते. हे चूक आहे.

समुद्रतळही बेसाल्टचा (म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या दगडाचा) आणि आपला दगडही बेसाल्टचा, घोळ इथेच होतो. महासागराच्या मधल्या पर्वतरांगेवर दोन भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे मोठे तुकडे) दूर सरकतात आणि खालचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा तप्त खडकाचा थर, वर येते. वर येताना दाब घटतो, म्हणून जास्तीची उष्णता न मिळताही त्याचा थोडा भाग वितळतो. त्यातून सहा-सात किलोमीटर जाडीचे कवच घडते, आणि पाण्यात थिजलेल्या लाव्हाला उशांचा आकार येतो. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः उघड्या जमिनीवर पसरला. म्हणूनच दख्खनच्या कातळात दोन थरांमध्ये जागोजागी लाल मातीचा पट्टा दिसतो: खालचा थर हवापाण्याने झिजला, मग वरचा आला. खाणीत उशा दिसतात की लाल पट्टा, एवढे पाहायला सांगितले तरी मुले स्वतः निवाडा करतील. (गोकाकचा धबधबा मात्र या दगडावरून पडत नाही. तो कडा याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे.)

खरा समुद्रतळ समजून घ्यायचा तर गणित करावे. रांगेचा माथा पाण्याखाली साधारण २.५ किलोमीटरवर असतो. तळ तिथून दूर जातो तसा निवतो, आकसतो, जड होतो आणि खचतो. तळाचे वय दशलक्ष वर्षांत घ्या, त्याचे वर्गमूळ काढा, ०.३५ ने गुणा आणि २.५ मिळवा. वय ४ असेल तर खोली ३.२ किलोमीटर, २५ असेल तर ४.२५, ६४ असेल तर ५.३. वय नुसत्या वर्षांत घातले की उत्तर शेकडो-हजारो किलोमीटरच्या घरात जाते. ही चूक नेहमीची. दुसरी चूक जाडीची. वयाबरोबर जाड होते ते शिलावरण (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक भाग मिळून), कारण खालचे प्रावरण निवून त्याला चिकटत जाते, आणि ही जाडी शंभर किलोमीटरच्या आसपास पोहोचते. कवच मात्र जन्मले तेवढेच राहते. साधारण ७-८ कोटी वर्षांपलीकडे हे सूत्र चालत नाही, तळ त्याहून कमी खचतो. अरबी समुद्रात सिंधू नदीने टाकलेल्या गाळाखालचा तळ मोजताना गाळाची जाडी आणि त्याचे ओझे दोन्ही हिशेबात धरावे लागतात.

प्रावरणातून वर येणारा तप्त स्तंभ मात्र पर्वतरांगेची वाट पाहत नाही. तो भोवतालापेक्षा शंभर-दोनशे अंशांनी गरम असतो, त्यामुळे शिलारस (वितळलेला खडक) जास्त बनतो, कवच जाड होते आणि तळ वर उचलला जातो. आपला काळा दगड अशाच स्तंभाचा मानला जातो, आणि तो स्तंभ आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे. भारत उत्तरेला सरकत गेला तसा त्याचा माग मागे राहिला. १९८७ मध्ये समुद्रात केलेल्या छिद्रांतून मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, त्याच्या दक्षिणेच्या चागोस बेटांजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाखांचा. पुढे पर्वतरांगच या स्तंभावरून सरकली आणि माग पलीकडच्या भूपट्टावर पडू लागला. तिथले मॉरिशस ८०-९० लाख वर्षांचे आहे, आणि रीयुनियनचा ज्वालामुखी अजून धुमसतो. अशा जाड कवचाला वरचे सूत्र लावू नये.

समुद्रतळ पसरतो याचा मोठा पुरावाही आपल्याच बाजूच्या समुद्रातला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. अरबी समुद्राच्या कार्ल्सबर्ग रांगेवर १९६२ मध्ये चुंबकीय मोजणी झाली आणि १९६३ मध्ये व्हाइन व मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी तिचा अर्थ तळ पसरतो असा लावला. ही रांग दोन्ही बाजू मिळून वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर पसरते. सीमाभागातल्या मराठी शाळांनी नकाशावर कार्ल्सबर्गची रेघ निळी आणि मालदीव-चागोस-रीयुनियनची माळ लाल काढून घ्यावी. बेळगावचा दगड लाल माळेच्या उत्तर टोकाला येतो, निळ्या रेघेवर नव्हे.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक, खानापूर (जि. बेळगाव)