पैसे बँकांचे होते म्हणता, बाबा?

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही १९९२ च्या घोटाळ्यातल्या शेअरदलाल हर्षद मेहताची बाजू इतक्या तावातावाने मांडत होतात की मला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही, म्हणून लिहितेय. त्याच्यावरची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका मी २०२० मध्ये आली तेव्हाच पाहिली. प्रतीक गांधीने कामच असं केलंय की बघणारा नकळत त्याच्या बाजूचा होतो. आईने तर त्या मालिकेचं संगीत रिंगटोन म्हणून लावलंय असं दादा सांगत होता. धन्य आहे!

पण ‘त्याने गोरगरिबांना कुठे लुटलं, बँकांचे पैसे फिरवले’ हे तुमचं म्हणणं काही मला पटत नाही. आता बघाल तेव्हा बँक रिसीटचा भाग सावकाश बघा. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे लागले की ती आपले सरकारी रोखे (सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद) दुसरीला विकायची आणि ठरल्या तारखेला परत घ्यायची. रोखे जागचे हलायचे नाहीत, ‘विकले’ अशी नुसती पावती जायची. मध्ये दलाल. चेक बँकेच्या नावाने निघायचा, पैसे मात्र जमा व्हायचे दलालाच्या खात्यात, आणि तिथून शेअरबाजारात. एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशेच्या आसपासचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला तो असा. पुढे तर पावतीमागे रोखेच नसायचे. त्या एकूण घोटाळ्यात अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक होती बँक ऑफ कराड.

कराड, बाबा! तिथे ठेवी कुणाच्या असणार? २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी आली आणि त्याच वर्षी ही बँक अवसायनात निघाली, म्हणजे बंद करायला काढली. ठेवींवरचा विमा तेव्हा फक्त ३०,००० रुपयांचा. १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती ताब्यात घेतली, पण मधल्या काळात ज्याच्या घरी लग्न किंवा आजारपण निघालं असेल त्याने काय केलं असेल? मालिकेला नायक लागतो हे मला कळतं. कराडच्या ठेवीदारावर दहा भाग कोण बघणार!

तो एकटा नव्हता, हे मात्र तुमचं खरं. घोटाळ्याच्या चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने चार हजार कोटींच्या वरचा हिशेब मांडला, त्यात परदेशी बँकाही होत्या. म्हणून तो सुटत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण तुमचे फिरायला येणारे ते मित्र. महिन्याला तीन टक्के, तेही खात्रीने? आणि ‘माणूस फार हुशार आहे’ हे तुम्ही दोनदा म्हणालात. त्या योजनेच्या कागदांचे फोटो आईला पाठवायला सांगा. सेबीचा (शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक दिला असेल तर मी संकेतस्थळावर बघते. नसेल तर त्यांना चहा पाजा, चेक देऊ नका.

ग्रॅच्युइटीची एफडी मुदतीआधी मोडू नका. मुदत संपली की दोन बँकांत विभागून ठेवू, कारण विमा आता एका बँकेत पाच लाखांपर्यंतच आहे. नॉमिनीत आईचं नाव आहे ना, तेही बघून ठेवा.

तुमची,
मनू