मोटलहून आई-बाबांना

ति. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर आई एकदम गप्प झाली, म्हणून सविस्तर लिहितेय. मिन्स्कचं घर आम्ही सोडलंय. आता बेलारूसमधल्याच मोटल गावी, सासूबाईंजवळच राहणार. पाय मोडल्यापासून त्यांना भट्टीची लाकडं उचलवत नाहीत. आई, तुझे गुडघे दुखत असताना मी दुसऱ्या आईचं करतेय, हे मनातून जात नाही. पण माझं काम घरूनच चालतं, भाडं वाचेल, आणि त्या पैशांत अलिबागला जास्त दिवस राहता येईल. खरंच सांगते, नीट विचार करून ठरवलंय.

बाबा, नकाशा काढला असेलच. पिन्स्कच्या पश्चिमेला यासेल्दा नदी शोधा, मोटल तिच्याच काठी. यासेल्दा प्रिप्यातला मिळते आणि प्रिप्यात नीपरला. प्रिप्यात म्हटल्यावर तुम्हाला चेर्नोबिल आठवणार, म्हणून आधीच सांगते, नदी इथून तिकडे वाहते, तिकडून इथे नाही. १९८६ साली वाऱ्याबरोबर आलेली धूळ जास्त करून गोमेल आणि मोगिल्योवच्या बाजूला पडली. तरी रानातल्या अळंब्या आम्ही तपासून घेतल्याशिवाय खात नाही.

हा सगळा पोलेसियाचा पाणथळ मुलूख. सोव्हिएत काळात चर खणून बरीच दलदल सुकवली, पण नदीच्या वरच्या अंगाला स्पोरवची दलदल राखून ठेवलीय. गावाचा पहिला उल्लेख १४२२चा. १५५५मध्ये पोलंडची राणी बोना स्फोर्झा हिनं त्याला नगराचे हक्क दिले, म्हणजे बाजारपेठ जुनी आहे. पुढे रशियाचे झार आले, मग १९२१पासून पोलंड, १९३९मध्ये सोव्हिएत, १९४१मध्ये जर्मन. सासूबाईंच्या आजीचा उंबरा तोच राहिला, राज्यं मात्र बदलत गेली.

आणि बाबा, इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष खाइम वाइझमन १८७४मध्ये इथेच जन्मले! अलिबागच्या इस्रायल आळीतल्या ज्यू काकांचा इस्रायलहून फोन आला की त्यांना नक्की सांगा, त्यांना फार आनंद होईल. १९४१च्या ऑगस्टमध्ये नाझींनी इथल्या ज्यूंना मारलं, आधी पुरुषांना, मग बायकामुलांना. त्या रस्त्यांवरून जाताना मला आळीतली शनिवारची संध्याकाळ आठवते. काकांकडे मात्र तुम्ही हा विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या.

आई, थंडीची काळजी करू नकोस. घरात मोठी विटांची भट्टी आहे. स्वयंपाक तिच्यावरच होतो आणि तिच्या माथ्यावर अंथरूण घालून झोपताही येतं. मोटल मेंढीच्या कातड्याच्या कोटांसाठी ओळखलं जातं, सासूबाईंनी त्यांचा स्वतःचा मला दिलाय. दूध-दही भरपूर मिळतं. किसलेल्या बटाट्याची धिरडी असतात, त्यांच्यावर मी तुझं मेतकूट भुरभुरते. दवाखाना जवळच्या इवानव शहरात आहे, मोठं काही निघालं तर पिन्स्क. रात्री भट्टीची ऊब लागली की तुझ्या पोटाशी पाय खुपसून झोपायचे ते आठवतं. तू ओरडायचीस, पण पाय कधी बाजूला केले नाहीस.

आता ऐका. आई, माडीवर झोपणं बंद. पलंग ओटीजवळच्या खोलीत आणायचा, दादाला मी सांगितलंय. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. पावसात विहिरीकडे जायचं नाही, तिथं शेवाळ असतं. पाणी भरायला बाई ठेवा, पैसे मी पाठवते आणि त्यावर वाद नको. रागावून म्हणत नाहीये हं, रात्री-अपरात्री तुमचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो म्हणून म्हणतेय.

इथे ऑगस्टमध्ये मोटलच्या खाद्यपदार्थांचा मोठा उत्सव भरतो, सबंध रस्ताभर चुली मांडतात. तेव्हा या. सासूबाईंनी तुमच्यासाठी खोली आत्ताच झाडून ठेवलीय. आईच्या गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून मला कळवा, आणि बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघा.

तुमची,
बाळी