पुस्तकांच्या खोक्यासोबतचं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पुस्तकांचं खोकं आज कुरिअरने धाडलं. बाबा फोनवर म्हणाले, "यादी लिहून पाठव." पुस्तकं समोर आल्यावर यादी कशाला? पण कुठलं आधी वाचायचं, कुठलं मधेच टाकून दिलं तरी चालेल, हे फोनवर नीट सांगता येत नाही. शिवाय फोनवर मागून दादा बोलत असतो.

बाबा, तुम्ही माझ्या बॅगेत कोंबलेलं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' परत पाठवतेय. रोज एक टक्का सुधारलं की वर्षअखेरीस माणूस ३७ पट चांगला होतो, असा जेम्स क्लिअरचा हिशेब आहे. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, तुम्ही काढून बघालच. गणित चोख आहे. पण ३७ पट चांगला माणूस घरात सोसवायचा कुणाला? चक्रवाढ पोस्टातल्या पैशाला ठीक, स्वभावाला कुठली लागायला! त्यातली एक युक्ती मात्र घेण्यासारखी: नवी सवय जुन्या सवयीला बांधून टाकायची. बीपीच्या गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्यावरच ठेवा. तुम्ही सकाळचा चहा विसरलात असं अजून घडलेलं नाही.

'इकिगाई' वहिनीचं. दोन स्पॅनिश लेखक जपानमधल्या ओकिनावाच्या ओगिमी गावात जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलले. पोट ८० टक्के भरलं की उठावं, हातात काहीतरी काम असावं, वगैरे. पुढे चक्क सूर्यनमस्काराची चित्रं आहेत. आपलेच सूर्यनमस्कार जपानवरून विकत आणले म्हणून बाबा हसतील. मला त्यात मोआईबद्दल वाचायचं होतं. तिथल्या म्हाताऱ्यांचे गट असतात, दर महिन्याला थोडे पैसे जमवायचे, एकत्र जेवायचं, खेळायचं, कुणाला अडचण आली तर त्यातूनच मदत करायची. म्हणजे आईची भिशीच. खरी गोष्ट तिथे होती, आणि लेखक ती उरकून व्यायामाकडे वळले. या असल्या पुस्तकांतला माणूस एकटाच असतो बघा. पहाटे उठतो, वहीत ध्येयं लिहितो. त्याच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि ते कोण भरतं, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आई, तुझी 'रुचिरा' मी ढापली असं तू अजून चारचौघांत सांगतेस, म्हणून तीही खोक्यात घातली आहे. पुठ्ठा निघाला होता, तो शिवून घेतला. एवढ्यात पुन्हा पहिल्यापासून वाचली, काही रांधायचं नसताना. १९७० सालचं पुस्तक. नोकरीपायी परगावी बिऱ्हाड केलेल्या पोरीला शेजारी सासू नाही, आई नाही, वजनकाटाही नाही, हे कमलाबाई ओगल्यांनी ओळखलं आणि सगळी मापं वाटी-चमच्यात दिली. तुम्ही पाटणला बिऱ्हाड केलंत तेव्हा तूही तशीच होतीस ना?

पण तुझ्यासाठी खरं पुस्तक दुसरंच आहे, शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, त्याची ही नोंद आहे. तेल जेमतेम. कालवणाला दाटपणा आणि चव यायची ती येसुरावर, म्हणजे भाजलेली धान्यं नि मसाले दळून केलेल्या पुडीवर. मांस मिळालं की त्याच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून चान्या करायच्या, त्या पुढे महिनोन्‌महिने पुरायच्या. रक्त शिजवून खायची पद्धतही त्यात आहे. मधे मधे धर्मग्रंथांतली नि संतांची वचनं येतात, कुणाचं अन्न सात्त्विक, कुणाचं तामस, आणि त्यांच्याशेजारी पाटोळे आपल्या घरचं ताट शांतपणे मांडून ठेवतात. आवाज कुठेही चढवत नाहीत. आपण रोज 'वदनी कवळ' म्हणून जेवलो. आपल्या फडताळातल्या एकाही पुस्तकात या जेवणाचा मागमूस नाही, आणि तसा तो नाही हेदेखील मला हे वाचेपर्यंत जाणवलं नव्हतं. मराठीत हे २०१५ साली आलं. २०२४ ला इंग्रजीत आलं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीने मला त्याचं नाव सांगितलं! तुला सुरुवातीची काही पानं जड जातील. तरी वाच, आणि भिशीतही ने. कोण काय म्हणालं ते मला कळव, विशेषतः जी बाई काहीच म्हणणार नाही तिचं.

कादंबऱ्या यंदा कमी वाचल्या. दोन-तीन अर्ध्यावर टाकल्या. पात्रं बोलायला तोंड उघडतात आणि लेखकच बोलतो. कृष्णात खोतांची 'रिंगाण' मात्र बाबांसाठी. धरणापायी गाव उठतं, आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी देवाप्पा पुन्हा तिकडे जातो. पन्हाळ्याकडची बोली आहे, पहिल्या पानांत अडखळायला होईल, मग कानाला लागते. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, पण मी ती पाठवतेय ती तुमच्या पाटणच्या शाळेमुळे. कोयनेने उठवलेल्या घरांतली पोरं तुमच्या वर्गात होती. सोलापूरला, रायगडला गेलेली माणसं सुट्टीत येऊन नुसती पाण्याकडे बघत बसायची, हे तुम्हीच सांगायचात. नव्या जागी विहीर, शाळा, रस्ता सगळं मिळालं तरी माणूस तिथे पोचलेला नसतो, हे या कादंबरीइतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता अतुल गावंडे. पुस्तक 'बीइंग मॉर्टल', २०१४ चं. दुकानात ते सेल्फ-हेल्पच्या कप्प्यात होतं, का कोण जाणे. लेखक बॉस्टनचे सर्जन, पण वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. आजोबा सीताराम जवळजवळ ११० वर्षं जगले, रात्री घोड्यावर बसून शेतं बघून यायचे. हे वाचून दादाला "बघ!" म्हणून ऐकवायचा मोह मला झाला होता. पण गावंडे लगेच विचारतात की हे साधलं कुणाच्या जोरावर? घरात मुलं, सुना, कुणीतरी चोवीस तास होतं म्हणून. त्या कुणीतरीला काय हवं होतं, हेही ते विसरत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमाची हकिकत आहे: बिल थॉमस नावाच्या डॉक्टरने तिथे दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पोपट आणले, आणि तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या वृद्धाश्रमापेक्षा तिथली औषधं निम्म्यावर आली. आई, तू ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखव, बाबांना चष्मा लावूनही बारीक टाईप दिसायचा नाही.

त्यातला एक प्रसंग मी दुमडून ठेवलाय. जॅक ब्लॉक म्हणून ७४ वर्षांचे प्राध्यापक, मणक्याचं अवघड ऑपरेशन ठरलेलं. जगण्यासाठी काय काय सोसायची तयारी आहे, असं मुलीने विचारलं. ते म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तरी मला जगायचंय. पुढे ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला आणि तिला तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागला, तेव्हा तेवढं वाक्य तिला पुरलं.

दादा पुण्याच्या फ्लॅटमधली मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतोय. तो प्रेमानेच करतोय, मला ठाऊक आहे. मी त्याला अजून काही बोलले नाही, कारण तुम्हाला काय हवंय हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. बाबा "बघू" म्हणतात आणि आई विषय बदलते. तेव्हा दोघांनी आपापलं उत्तर लिहून पाठवा. कुठे राहायचं ते नंतर. काय उरलं तर पुरे, एवढंच. आई, तुझं बाबांना दाखवू नकोस. आणि बाबा, तुम्ही आईला विचारून लिहू नका. माझा पत्ता लिहिलेली दोन पाकिटं 'रिंगाण'च्या मलपृष्ठाच्या आत ठेवली आहेत, तिकिटं लावून.

तुमची,
मनू