माऊ, आधी पाय दाखव

माऊ बाई,

काल तुझा फोन ठेवल्यावर तुझी आई गॅसपाशी नुसती उभी होती, भाजी खाली लागायली तरी तिला कळलं नाही. तू म्हणलीस काही नाही अण्णा, फक्त बॅलेतल्या हंसाच्या रांगेतून काढलं, मॅडम म्हणल्या रांग एकसारखी दिसली पाहिजे. एकसारखी म्हणजे काय ते मला कळलं माय. मी एवढंच म्हणलो की बरं, जेवण कर. दुसरं काही सुचलंच नाही म्हणून आता दुकान बंद करून मोबाईलवर लिहायलोय, शटर अर्धं ओढलंय.

पायाचं विचारायचं नाही असं ठरवलंय. दादाला कोणीतरी सांगितलं की दिवाळीपासून तुझी नडगी दुखायलीय अन तू गोळी खाऊन क्लासला जायलीस. तू स्वतः सांगशील तेव्हा सांग.

रंगाचं म्हणशील तर आक्कानं तुझ्या बारशालाच म्हणलं होतं, रंग बापावर गेला. त्याच आक्काच्या गल्लीत, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या 2016 च्या उन्हाळ्यात, तू घागरीच्या लाईनीत टाचा उचलून उभी राहायचीस, सगळ्या बाया हसायच्या, तुझी आई रागवायची की नंबर जाईल. तेव्हा आम्हाला बॅले हा शब्द पण माहीत नव्हता. नंतर पुण्याला आत्याकडे तेराव्या वर्षी क्लास लावला तर तिथले म्हणले उशीर झाला, आन इकडं सगळे म्हणायचे लातुरात राहून पोरीला नीटच्या क्लासला घालत नाही, येडा झालाय का हा टेलर. तूच तेव्हा मला अमेरिकेत बॅले नाचणाऱ्या काळ्या मिस्टी कोपलंडचा व्हिडिओ दाखवलास, अण्णा हिनं पण तेराव्या वर्षीच सुरू केलं, भावंडांबरोबर मोटेलच्या खोलीत राहायची. मी तो व्हिडिओ गंजगोलाईतल्या निम्म्या दुकानदारांना दाखवला.

तू पाठवतेस ते मी सगळं वाचतो बरं का. जॅनेट कॉलिन्स, ती पण अमेरिकेतली काळी नाचणारी, तिला बॅले कंपनी म्हणली घेतो पण तोंडाला पांढरा रंग लावावा लागेल, तर ती नाही म्हणली, अन 1951 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या स्टेजवर आपल्या रंगानं नाचली. तशीच काळी रेवन विल्किन्सन, तिला 1955 ला बॅले रूस कंपनीत घेतलं, पण अमेरिकेत दक्षिणेकडं दौऱ्यावर गोऱ्यांच्या हॉटेलात राहायची चोरी, काळ्यांना मारझोड करणारे कू क्लक्स क्लॅनवाले स्टेजपर्यंत यायचे, शेवटी तिला देश सोडून हॉलंडला जाऊन नाचावं लागलं. अन 2015 ला मिस्टी न्यूयॉर्कला स्वान लेक या हंसांच्या बॅलेत पहिल्यांदा मुख्य भूमिका नाचली तेव्हा ही म्हातारी झालेली रेवन स्टेजवर फुलं घेऊन आली. तो फोटो मी मशीनच्या वरच्या भिंतीला लावलाय. त्याच महिन्यात मिस्टीला प्रिन्सिपल, म्हणजे कंपनीतली सगळ्यात वरची नाचणारी केलं, तिच्या कंपनीला, अमेरिकन बॅले थिएटरला पंच्याहत्तर वर्षं झाली होती तरी तिच्याआधी एकाही काळ्या बाईला ती जागा मिळाली नव्हती. गिऱ्हाईक विचारतं हे कोण, मी सांगतो माझी पोरगी याच लाईनीत आहे.

पण त्याच मिस्टीचं 2012 चं पण मी वाचलंय. फायरबर्ड नावाचा बॅले नाचली तेव्हा नडगीच्या हाडाला सहा ठिकाणी चिरा होत्या, नंतर ऑपरेशन करून प्लेट टाकली. लोक हे हिंमत म्हणून सांगतात. मला त्या रात्री झोप नाही लागली. मला वाटतं तिला माहीत होतं की गोरी पोरगी दुखतंय म्हणली तर तिची जागा राहते, आपण म्हणलो तर आधीच निमित्त शोधायलेत. तू पण असंच धरून बसलीस का? तुला रांगेतून रंगामुळं काढलं तर त्याचं उत्तर हाडानं देऊ नको. कितीही सोसलं तरी त्यानं त्या मॅडमचं मत बदलणार नाही, पाय मात्र तुझा जाईल.

बघ, विचारणार नाही म्हणलो अन परत तिथंच आलो.

बाळूकाकाच्या ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरला विचारून आलो. ते म्हणले बोटानं दाबल्यावर हाडाच्या एकाच जागी दुखत असेल, बसल्याजागी किंवा रात्री पण ठणकत असेल तर नाचणं लगेच थांबवा. सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं, म्हणून एक्सरे चांगला आला की खूश होऊ नको. अन आई जे जेवणाचं आन पाळीचं विचारते ना, तिला खरं सांगत जा, डॉक्टर म्हणले कमी खाल्लं, पाळी चुकायली की हाड पण कमजोर होतं. बापानं असलं लिहायचं नसतं, पण लिहिलं. चिडू नको, लेक्चर झालं, सॉरी.

पैशाचं डोक्यात घेऊ नको. औसा रोडच्या प्लॉटचं जे झालं ते झालं, तुझ्यासाठी म्हणून आम्ही कधी बोललोय का? दिल्लीच्या विकासपुरीतला ई-रिक्षावाल्याचा पोरगा कमल सिंग लोकांनी पैसे जमवून दिले म्हणून 2020 ला लंडनला बॅले शिकायला गेला. मागणं आपल्याला पण येतं. मार्चमधल्यासारखं एकटीनं उपास काढायचे नाहीत.

शूजच्या रिबिनी पाठवल्यात. 2018 पासून लंडनची फ्रीड कंपनी तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायचे शूज, बनवायली हे चांगलं झालं, पण तू म्हणलीस तुझा रंग त्यांच्या दोन शेडच्या मधला आहे म्हणून अजून शूजला फाउंडेशन लावावं लागतं. म्हणून तुझ्या जुन्या ब्लाऊजला तुझ्या हाताशी धरून जुळवलेला कपडा होता ना, त्यावरून साटन रंगवून घेतलं. धुऊन पाहिलं, रंग जात नाही. कडा लायटरनं भाजून घेतल्यात, निघणार नाहीत. इलॅस्टिक आतल्या बाजूनं बारीक टाक्यानं लाव, जाड दोरा घेशील तर टाचेला घासेल. पण हे सगळं पाय दाखवल्यावर, आधी नाही.

अपॉइंटमेंट घेतली की टाईम पाठव, इथं कितीही वाजले असू दे मी जागा आहे. आईला मी नडगीचं सांगितलेलं नाही. ते तू स्वतः सांग, रविवारच्या आत.

तुझे अण्णा