शाळेतल्या मावशींना, दहावीच्या निकालानंतर

मावशी,

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आले तेव्हा ऑफिसबाहेर ही गर्दी, तुमच्या एका हातात मार्कशीटचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मी दिलेला पेढा, "टक्के नंतर सांगा, सकाळची शुगर किती होती पोरीची?" एवढं विचारलंत आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आत पळालात. धड बोलणं झालंच नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्या सूनबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवते, त्या वाचून दाखवतील. बाकीच्यांनीही वाचावं असं मला मुद्दाम वाटतंय, कारण निरोप समारंभात सगळ्या सरांचे, मॅडमचे, अगदी मांडववाल्याचेसुद्धा आभार मानून झाले आणि तुमचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. मला ते फार लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझ्या लेकीला टाईप वन डायबेटिस आहे, चौथीत असताना कळलं, सुरुवातच आयसीयूतून झाली. आजोबांना होतो तो हा डायबेटिस नव्हे, यात आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, आणि याचा लहानपणी किती गोड खाल्लं याच्याशी काडीचा संबंध नसतो (हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता छापूनच घ्यावं म्हणते). गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन बाहेरूनच घ्यायचं, आमच्याकडे प्रत्येक जेवणाआधी एक आणि रात्री एक असं इंजेक्शन असतं. पोळी किती, भात किती, खेळणार आहे की बसून राहणार आहे, सर्दी झालीये का, झोप झालीये का, सगळं बघून डोस ठरवायचा. कमी पडला तर शुगर चढते, जास्त झाला तर उतरते, आणि शाळेत भीती असते ती उतरण्याची, कारण तिथे वाट बघायला वेळ नसतो.

पुण्यात डॉक्टरांची वानवा नाही, रास्ता पेठेत केईएमचं डायबेटिस युनिट आहे, जहांगीरला मुलांचा विभाग आहे, खाजगी दवाखानेही आहेत. पण डॉक्टर भेटणार तीन महिन्यांतून एकदा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसीची टेस्ट झाली की, आणि शाळा असते रोज सहा तास. त्या सहा तासांचं काय करायचं हे कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं. आधीच्या शाळेने आम्हाला सांगितलं होतं की आईने रोज शाळेत येऊन बसावं, नाहीतर "काही झालं तर शाळा जबाबदार नाही" असं लिहून द्यावं. मी शिवाजीनगरला नोकरी करते, ह्यांची शिफ्ट चाकणला. नोकरी सोडायची असं घरात जवळजवळ ठरलंच होतं, इन्सुलिन, स्ट्रिप्स, सुया यांचा महिन्याचा खर्च एका पगारात कसा बसवायचा ते मात्र कुणी बोलत नव्हतं.

मग पाचवीला तुमच्या शाळेत आलो. मुख्याध्यापिका बाई चांगल्या, वर्गशिक्षिकाही चांगल्या, पण त्यांच्या वर्गात साठ मुलं आणि दर जूनला वर्गशिक्षिका बदलणार. मी ऑफिसमध्ये पिशवी उघडून शुगर बघायचं ग्लुकोमीटर, ग्लुकॉन डीचा डबा, कुणाला कधी फोन करायचा त्याचा कागद असं सगळं समजावत होते तेव्हा तुम्ही चहाचे कप गोळा करायला आला होतात. कप तसेच ठेवून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मला दावा की. बाई वर्गावर असत्यात, मी हितंच असते." आणि लगेच आपलं बोट पुढे केलंत, आधी माझीच बघा. तुमची आली ११०, चहा पिऊन. पुढचा आठवडाभर तुम्ही ते सगळ्या स्टाफला सांगत होतात.

तेव्हा मला वाटलं उत्साह आहे, उतरेल. काय कसलं उतरतंय! स्ट्रिप डब्यातून काढली की झाकण लगेच लावायचं, बोटाच्या मध्ये टोचायचं नाही, कडेला टोचायचं म्हणजे कमी दुखतं, इन्सुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन) खिडकीत उन्हात ठेवायचं नाही, हे तुम्हाला एकदा सांगितलं ते कायमचं. एप्रिलमध्ये पुणं चाळिशीला टेकतं तेव्हा तुम्ही तिचं पाऊच तुमच्या माठाच्या मागे गारव्याला ठेवायचात आणि वर फडकं टाकून कुणी हात लावायचा नाही म्हणून दम भरायचात.

सहावीतली संक्रांत आठवते का? मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाने एकमेकांना तिळगूळ वाटले, हिने डब्याआधी शुगर बघितली तर मीटरवर ३४० च्या पुढे आकडा. मॅडम घाबरल्या, मला फोन, मी ऑफिसात फोनवर वाढीव डोस किती ते सांगायच्या बेतात, आणि मागून तुमचा आवाज आला, "थांबा हो ताई, हात धुतले न्हाईत तिनं." साबणाने हात धुवून, पुसून, दुसऱ्या बोटातून परत बघितली तर १२८. बोटाला लागलेल्या गुळाची शुगर मीटर दाखवत होतं! त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर तासाभरात पोर आडवी झाली असती. डायबेटिस रोज कसा सांभाळायचा ते शिकवणाऱ्या आमच्या एज्युकेटर ताई हा किस्सा आता नव्या पालकांना सांगतात, नाव न घेता, "एका शाळेतल्या मावशी" म्हणून.

आणि ती पीटीची तालीम. स्नेहसंमेलनाच्या लेझीमच्या वेळी ही मैत्रिणीवर एवढ्या तेवढ्यावरून खेकसायला लागली, सरांनी शिस्त म्हणून बाजूला उभी केली. तुम्ही लांबून झाडू टाकून आलात. ही उगाच भांडायला लागली, कपाळाला घाम आला की तो राग नसतो, शुगर असते, हे तुम्ही माझ्याही आधी ओळखायला लागला होतात. ५४ होती. सर बिचारे बिस्किटाचा पुडा घेऊन धावले, कुणी चॉकलेट काढलं, तुम्ही दोन्ही बाजूला सारलंत, आधी तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, मग पंधरा मिनिटं, मग परत बोट, सत्तरच्या वर गेली की मग बिस्किट. चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. आणि पोर शुद्धीत नसेल तर तोंडात काहीसुद्धा घालायचं नाही, शुगर चढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन नाहीतर थेट हॉस्पिटल, हे तुम्ही त्याच दिवशी सरांना मैदानावर उभं करून शिकवलंत. सर ऐकतही होते.

सातवीच्या सहलीला हिला नेणार नाही असंच चाललं होतं, आई सोबत आली तर बघू. तुम्ही म्हणालात मी जाते, आणि या वयात गुडघे दुखत असताना सिंहगड चढलात. वर पिठलं भाकरी खाल्लीत दोघींनी, फोटो आहे माझ्याकडे. मला त्याहून आठवतो तो रात्री दहाचा तुमचा फोन, "आज डोंगर चढलीया, रात्री उठून बघा हं." दमणुकीनंतर शुगर कितीतरी तासांनी, झोपेतसुद्धा उतरते. दोन वाजता उठून बघितली, उतरायला लागलीच होती.

सगळं गोडच होतं असं नाही. तुम्ही गावाहून जांभळाच्या बियांची पावडर आणली होतीत, मोठ्या मायेने. मी सांगितलं की हिच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही, त्यामुळे कशानेही इंजेक्शन बंद होणार नाही, आणि असल्या नादाने इन्सुलिन थांबवलेली मुलं परत आयसीयूत जातात. तुम्ही "बरं" म्हणालात, पुडी पदराला बांधलीत, परत कधी विषय काढला नाहीत. शिकलेल्या नातेवाईकांना हे जमलेलं नाही अजून. त्यांचं कारल्याचा रस, अमुक बाबा, तमुक काढा चालूच असतं, आणि ते झालं की हळूच, "कुणाला सांगू नका हं, मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचंय." अहो, ती बारा वर्षांची होती!

हे असलं कानावर पडून पडून आठवीत तिने लपवायला सुरुवात केली. डब्याच्या सुट्टीत शाळेच्या संडासात जाऊन इंजेक्शन घ्यायची, मैत्रिणींना दिसू नये म्हणून. ते मला कळलंच नाही, तुम्हाला कळलं. तुम्ही तिला काय म्हणालात ते तिनेच नंतर सांगितलं, "तिथं घाण असते, सुई काय तिथं टोचायची असते का, चल माझ्या खोलीत." खोली म्हणजे जिन्याखालची तुमची जागा, स्टूल, घंटेचा टोल आणि चहाची किटली. तिथे तुम्ही तिच्यासाठी एक स्वच्छ टॉवेल आणि हात धुवायला वेगळा साबण ठेवलात, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा, कचरा भरणाऱ्या बाईच्या हाताला लागू नये म्हणून. ही शेवटची गोष्ट तर आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती.

नववी सगळ्यात वाईट गेली. वाढीच्या वयात हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, डोस वाढवावे लागतात, हे डॉक्टर म्हणाले होते, पण पोरगी कंटाळली होती हे त्यात कुठे मावतं? बाहेर वडापाव खाल्ला की इंजेक्शन घ्यायचंच नाही, मला खोटे आकडे सांगायचे. एचबीएवनसी दहाच्या वर गेलं, म्हणजे हवं त्याहून कितीतरी जास्त. घरात रोज आरडाओरडा, मी ओरडायची, ती दार आपटायची, हे मध्ये बिचारे गप्प. त्या दिवसांत ती शाळा सुटल्यावर अर्धा तास तुमच्याकडे बसून यायची. तुमचं दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मला अजून माहीत नाही, तिला विचारलं तर म्हणते "काही नाही, मावशी भाजी निवडायला लावतात." एवढं खरं की कधीतरी ती घरी येऊन स्वतःहून मीटर माझ्यासमोर ठेवायला लागली, आकडा वाईट असला तरी. आणि आकड्यावर ओरडायचं नाही हे मला सांगायलाही तुम्ही विसरला नाहीत, फाटकापाशी गाठून सांगितलंत.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला परिपाठात ती बोलली. सगळ्यांना तो बालदिन, पण तो बँटिंग यांचा वाढदिवस, म्हणून तोच जागतिक मधुमेह दिन. १९२१ मध्ये कॅनडात टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन मिळालं ते लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, आणि त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत असत. "मी पण चौदाची आहे" असं म्हणून तिने सगळ्या शाळेसमोर पेन काढून दाखवलं. मला व्हिडिओ एका मॅडमनी पाठवला. त्यात भाषणापेक्षा मागे तुम्हीच जास्त ऐकू येता, "गप बसा रे, ऐका" म्हणून पाचवीच्या पोरांना दटावताना.

कागदोपत्रीही गोष्टी सुधारतायत म्हणा. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ, पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली, २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने राज्यांना लिहिलं की शाळेत शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधे खायला मुलांना आडकाठी नको. आम्ही स्टेट बोर्डाचे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून केंद्रावर अर्ज दिला होता, चौदा दिवस न टोचता शुगर दाखवणारा दंडावरचा सेन्सरही परीक्षेपुरता लावला होता (एरवी तो आम्हाला परवडत नाही). तरी पहिल्या पेपरला पोटात गोळा होताच. आणि केंद्रावर गेलो तर तिथल्या मावशी फाटकातच म्हणाल्या, "ती इंजेक्शनवाली का? फोन आला होता." तुम्ही आदल्या दिवशी त्यांना अर्धा तास फोनवर सगळं शिकवून ठेवलं होतंत, त्या तुमच्या भिशीतल्या निघाल्या!

तर मावशी, माझी नोकरी टिकली ती तुमच्यामुळे. शाळेच्या वेळेत माझा फोन वाजला नाही तर सगळं ठीक आहे असं समजून मी काम करू शकले, वाजला तर तुमचा आवाज ऐकून धीर यायचा. हिच्या आजाराबद्दल मला जेवढं कळतं तेवढंच कळणारं अजून एक माणूस पुण्यात आहे, ही केवढी मोठी गोष्ट असते हे ज्याच्या घरी असं मूल आहे त्यालाच कळेल. त्यासाठी तुम्हाला शाळेने एक रुपया जास्त दिला नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. मी एकदा साडी आणली तर तुम्ही रागावलात, म्हणून या वेळी साडी नाही. आषाढात एका रविवारी सूनबाई, नात सगळ्यांना घेऊन घरी जेवायला यायचं, पुरणपोळी आहे, लेक तिचा डोस ती स्वतः मोजून घेणार आहे, आणि तुम्हाला गुडघ्यांसाठी दाखवायला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, त्याला नाही म्हणायचं नाही.

आणि एक काम आहे. तुमच्या शाळेत यंदा दुसरीत एक मुलगा येतोय, त्याला मार्चमध्ये टाईप वन निघालाय. त्याच्या आईचा मला परवा फोन आला होता, रडत होती, नोकरी सोडू का विचारत होती. मी तिला म्हटलं, थांब, आधी शाळेत जाऊन मावशींना भेट. तुमचा नंबर दिलाय तिला, चालेल ना? ती सोमवारी सकाळी येईल. मुलगा सुईला फार घाबरतो म्हणे, आणि त्याला बिस्किटापेक्षा राजगिऱ्याची वडी आवडते.

तुमची,
दहावी ब मधल्या इंजेक्शनवालीची आई