मुस्तफा खिशात मावेल का?

बरी, मँचेस्टरजवळ

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. पिंट्यासाठी हातात धरून खेळायचा गेम आण म्हणालास, आणि वर पुस्ती जोडलीस, की आपल्या वेळचे गेम चालले पाहिजेत. पिंट्याला आपल्या वेळचं काय पडलंय रे? वहिनीला काय सांगायचं ते तू बघ. मी हे तुझ्यासाठीच शोधतेय असं धरून लिहिते. फोनवर सांगायला लागले की तू नुसतं 'हां हां' करतोस, म्हणून पत्र.

असल्या यंत्रांचा इथे पूर आलाय. बहुतेक चिनी, आन्बर्निक आणि मियू ही नावं जास्त ऐकू येतात. विकणारा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत काय छापतो, तर आत किती हजार गेम आहेत. आपल्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर '९९९९ इन वन' असायचं आणि आत तेच ते गेम नावं बदलून फिरत राहायचे, आठवतंय ना? तेव्हा आकडा वाचूच नकोस. आपण खरोखर कुठले चार-पाच गेम खेळणार ते आधी ठरव. यंत्र त्यावरून ठरतं.

तुझा पहिला गेम मला विचारावा लागत नाही. स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तू सगळी सुट्टी नाणी ज्याच्यात घातलीस तो मुस्तफा. तो खरा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. खेळायला चार गडी असायचे, मुस्तफा त्यातला एक. पण आपल्याकडे अख्खा गेमच त्याच्या नावावर झाला. गंमत अशी, की पार्लरमधला तो गेम घरच्या कुठल्याही कन्सोलवर अधिकृतपणे कधी निघालाच नाही. पैसे मोजून, पावती घेऊन मुस्तफा मिळत नाही. चिनी यंत्रांत तो चालतो तो एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनच्या सर्किटची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. आर्केड, म्हणजे पार्लरमधल्या, गेमसाठीचं 'मेम' नावाचं असं सॉफ्टवेअर १९९७पासून आहे आणि ते वापरण्यात काही गैर नाही. गेमची फाइल मात्र कंपनीच्या मालकीची. अशा हजारो फाइली कार्डात कोंबून विकणं ही सरळ चोरी आहे असं माझं मत. मुस्तफापुरतं काय करायचं ते तुझं तू ठरव.

आता पडदा. लोक इथेच फसतात. पार्लरच्या मशीनचा पडदा ४:३ मापाचा, जुन्या टीव्हीसारखा. हल्लीच्या मोबाइलसारखा लांबडा पडदा घेतलास तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणार, आणि चित्र ताणून पट्टे घालवलेस तर मुस्तफाचं पोट सुटणार. म्हणून ४:३चाच घ्यायचा. असे पडदे बहुधा साडेतीन इंची आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांचे असतात. पिंट्याला ते पुरेल. तू वर्तमानपत्र हात लांब करून वाचतोस, तुला चार इंचीच हवा. आन्बर्निकच्या आरजी४०एक्सएक्स एच या मॉडेलचा तेवढा आहे. पिंट्याला गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे पोकेमॉन खेळायचे असतील तर गणित वेगळं: त्या जुन्या यंत्राचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, आणि आन्बर्निकच्याच आरजी३४एक्सएक्सचा बरोबर तिप्पट, ७२० बाय ४८०. ठिपक्यावर ठिपका नेमका बसतो, चित्र कुठे पुसट होत नाही.

आणखी एक भानगड आहे. पॅक-मॅन (१९८०) किंवा विमानांचा १९४२ (हे गेमचं नाव, तो आला १९८४ साली) यांचे पडदे उभे असायचे. आडव्या पडद्यावर ते मधल्या निम्म्याशा जागेत अंग चोरून बसतात. एव्हरकेड ईएक्सपी या २०२२च्या यंत्रात यंत्रच उभं धरून खेळायची सोय केली आहे, त्यासाठी पडद्याशेजारी दोन जादा बटणं दिली आहेत. पण तू विमानं कधी खेळलास? तू मारामारीवाला.

मारामारीवरून बटणं आठवली. इथे बरीत एका जुन्या गिरणीच्या इमारतीत आर्केड क्लब आहे. दारात एकदा पैसे भरायचे, आत मशीनला नाणं लागत नाही. (आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि इथल्या गिरणीत हे चाललंय! आईला सांगू नकोस.) तिथे स्ट्रीट फायटर २ वर हात साफ केला तेव्हा पुन्हा लक्षात आलं, की त्याला सहा बटणं लागतात: तीन ठोशांची, तीन लाथांची. हातातल्या यंत्रात समोर चारच, बाकीची पाठीमागे, तर्जनीखाली. जोराचा ठोसा तर्जनीने मारायची सवय लागेपर्यंत जीव जातो. मुस्तफाला मात्र दोनच पुरतात, मारायचं आणि उडी. मेटल स्लगला तीन. तेव्हा तुझ्यासाठी बटणांची चिंता नाही, चिंता डी-पॅडची.

डी-पॅड म्हणजे डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकचिन्ह. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये डाँकी काँगच्या छोट्या गेमसाठी ते काढलं आणि पुढे सगळ्यांनी उचललं. स्वस्त यंत्रात तेच आधी दगा देतं. पारखायचं कसं, तर काँट्रा लावायचा आणि नुसतं उजवीकडे दाबून धावायचं. धावता धावता बंदूक आपोआप खाली वळली, की ते यंत्र परत ठेवायचं. कामावरच्या एका पंजाबी मुलाकडे अशी बरीच यंत्रं आहेत, जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यावर हाच प्रयोग करते. तो हसतो, पण आता तोही तसंच पाहतो. आणि डी-पॅड वर, अंगठ्याने फिरवायची छोटी काठी खाली अशीच रचना बघ. उलटी असली तर अंगठा सतत वाकडा राहतो.

सरळ वाटेने घ्यायचं असेल तर सुपर पॉकेट नावाचं छोटं यंत्र आहे, २०२३ साली आलेलं, किंमत पन्नास पौंडांच्या आसपास. कॅपकॉमच्या आवृत्तीत १२ गेम रीतसर परवाना घेऊन भरले आहेत, त्यांत स्ट्रीट फायटर २ आणि फायनल फाइट. फायनल फाइट म्हणजे मुस्तफाचा थोरला भाऊच, १९८९चा. टायटो कंपनीची वेगळी आवृत्ती आहे, तिच्यात स्पेस इन्व्हेडर्स आणि बबल बॉबल. शिवाय एव्हरकेडच्या कॅसेटही त्याला चालतात. पडदा मात्र २.८ इंच. तुला चालणार नाही, पिंट्याला आवडेल.

अ‍ॅनलॉग पॉकेट दोनशेहून जास्त डॉलरचं आहे. ते आपल्या कामाचं नाही, मुख्यतः खऱ्या गेमबॉयच्या कॅसेटी असणाऱ्यांसाठी आहे. प्लेस्टेशन २ चालवणारी महागडी अँड्रॉइड यंत्रंही सोडून दे. मुस्तफासाठी तेवढी ताकद लागत नाही.

एका गोष्टीचा तू विचारच केला नसशील. पार्लरमध्ये आपण एकटे कधी खेळलो? तू मुस्तफा, मी हॅना, मागे चार पोरं ओरडायला. हातातलं यंत्र म्हणजे एकट्याचा कारभार. म्हणून मला आरजी४०एक्सएक्स एच बरं वाटतं: त्याला एचडीएमआय आहे, टीव्हीला जोडता येतं आणि ब्लूटूथचा वेगळा पॅड, म्हणजे कंट्रोलर, जोडता येतो. म्हणजे पिंट्या आणि तू शेजारी बसून खेळू शकाल.

बारीकसारीक: यंत्राबरोबर बिननावाचं मेमरी कार्ड येतं, ते लवकर दगावतं. चांगलं कार्ड मी इथूनच घालून आणते. काही स्वस्त यंत्रं दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, तेव्हा तुझा जुना चौकोनी तोंडाचा चार्जर फेकू नकोस. आत लिथियमची बॅटरी असल्यामुळे यंत्र हातातल्या बॅगेत येणार, म्हणजे मोठ्या बॅगेत वहिनीच्या सामानाला जागा आहे. तिची यादी वेगळी मागव.

आणि तुझे पाच गेम लिहून पाठव, दिवाळीच्या सुट्टीआधी. दुसरा पॅड घेऊ की नको, तेही कळव.

आईला नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझी,
धाकटी