पुढचे पार्किंग सेन्सर घरी बसवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की वाड्यावाड्यांतून चाकरमान्यांच्या गाड्या येऊ लागतात आणि गडग्याला बंपर घासण्याचा हंगाम सुरू होतो. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, पुढच्यांची सक्ती नाही. हे सेन्सर आवाजाची लहर सोडतात आणि ती अडथळ्यावरून परत आली की बझर वाजतो. पण कोकणात घरासमोर गाडी वळवायला जागा असते कुठे? पाणंदीतून सरळ खळ्यात शिरायचे आणि तुळशीवृंदावनाच्या नाहीतर चिरेबंदी गडग्याच्या हातभर अलीकडे थांबायचे. त्यामुळे बाजारातून सेन्सरचा संच आणून घरीच पुढे बसवण्याची कामे वाढली आहेत. काम घरी होण्यासारखे नक्कीच आहे. मात्र मागचा संच उचलून पुढे लावला की झाले, या समजुतीने त्यातली बरीचशी कामे फुकट जातात.

मागचा संच रिव्हर्सच्या दिव्यावर चालतो. गिअर पडला की वीज मिळते, निघाला की बंद. पुढे असा दिवाच नाही. म्हणून कोणी इग्निशनची तार थेट जोडतो. मग बाजारपेठेत, फाटकापाशी, धो धो पावसात बझर अखंड वाजत राहतो आणि आठवडाभरात वैतागलेला मालक तो उपटून टाकतो. कोणी हेडलाइटवर जोडतो, म्हणजे दिवसा सेन्सर मुके. धड चालणाऱ्या पद्धती दोनच. एक, पुढच्यासाठीच बनवलेला संच घ्यावा. त्याला ब्रेकच्या दिव्याची जादा तार असते; ब्रेक दाबला की सेन्सर जागे होतात आणि पाय काढल्यावर काही सेकंदांनी झोपतात. दोन, इग्निशनवर चालू होणारी वीज फ्यूजमधून घेऊन मधे डॅशबोर्डवर एक छोटा स्विच टाकावा. माझे मत दुसरीकडे झुकते. ब्रेकची तार हा जिवाशी खेळ आहे. ती घ्यायचीच असेल तर आधी मल्टिमीटर लावून पाहावे: पेडल सोडलेले असताना शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. उलटे दिसले किंवा आकडा नाचत राहिला, तर त्या तारेला हात लावू नये. आणि पहिली पद्धत घेतली तरी बंद करायचा स्विच हवाच. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या करतात. तिथे हाताने इशारे करणाऱ्या माणसाकडे बघायचे असते, कानाशी बझर नको.

वीज घ्यायला मूळ तार सोलू नये. फ्यूजच्या खोक्यात बसणारा फ्यूज टॅप मिळतो; जुन्या फ्यूजच्या खाचेत तो बसतो, त्यात जुना आणि नवा असे दोन फ्यूज लागतात आणि नव्यातून आपली तार निघते. आपल्या गाडीचे फ्यूज कोणत्या आकाराचे आहेत ते पाहूनच तो आणावा, कारण मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी वरून सारखेच दिसतात. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या फ्यूजांना हात लावू नये. सिगारेट लायटरचा किंवा म्युझिक सिस्टिमचा फ्यूज पुरतो. संच जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, म्हणून त्याच्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. टॅप उलटा बसला तर नवा भार जुन्या फ्यूजमधून जातो. म्हणून जुना फ्यूज काढून खाचेच्या कोणत्या पात्यावर वीज येते ते मीटरने पाहावे आणि टॅपची दोन्ही फ्यूजांना सामाईक असलेली बाजू तिकडे ठेवावी. अर्थिंग बॉडीच्या बोल्टवर, खालचा रंग खरवडून.

आता जागा. सेन्सर जमिनीपासून ५० ते ६० सेंमीवर असावेत आणि माप सपाट जमिनीवर घ्यावे. खळ्याला बहुधा उतार असतो, तिथे घेतलेले माप खोटे पडते. आडव्या मापाचे गणित नंबरप्लेटवरून सुरू करावे. प्लेट ५०० मिमी लांब, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे २५ सेंमी. आतले दोन सेन्सर मध्यरेषेपासून ३० सेंमीवर घेतले तर प्लेटची कड किंवा फ्रेम आवाजाच्या वाटेत येत नाही. बंपर १६० सेंमी रुंद धरला आणि बाहेरचे दोन कडेपासून १२ सेंमी आत घेतले, तर आतल्या-बाहेरच्यांत ३८ सेंमी अंतर उरते. ते योग्य आहे. भोक पाडण्याआधी बंपरच्या मागे डोकवावे. तिथे लोखंडी आडवा बीम, फॉगलॅम्प, हॉर्न, काही गाड्यांत काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते, आणि सेन्सरच्या शेपटीला ३-४ सेंमी मोकळी जागा लागते. रेडिएटरच्या चौकटीवर बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा धडक ओळखणारा सेन्सर असतो. त्याची तार किंवा कनेक्टर पिवळा दिसला की तिथून दूर राहावे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढून पाचेक मिनिटे थांबणे हा नियमच करावा.

बंपरचे तोंड कुठे वर, कुठे खाली कललेले असते. खाली बघणारा सेन्सर प्रत्येक चढाच्या पायथ्याशी जमिनीलाच अडथळा समजतो. त्यासाठी संचात तिरक्या रिंगा येतात. त्या कचऱ्यात जातात आणि मग ‘माल खराब’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते. सेन्सरच्या पाठीवर बाण असतो, तो आकाशाकडे हवा. बाण आडवा बसला तर आवाजाचा झोत उभ्या दिशेला जास्त पसरतो आणि रस्ताच वाजू लागतो.

भोक पाडणे हे सगळ्यात भीतीचे काम, पण खरे तर सोपे. शक्यतो बंपर काढूनच करावे. बंपर जागेवर असताना ड्रिल घसरले की मागे एसीचा कंडेन्सर आहे आणि तो फुटला की सेन्सरच्या कितीतरी पट खर्च. बंपर काढायला दोन माणसे लागतात. वरच्या प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, म्हणून डझनभर आधीच आणून ठेवाव्यात. रंगावर मास्किंग टेप लावून खूण करावी, ३ मिमीचे भोक आधी पाडावे, मग संचासोबत आलेलाच कटर वापरावा. सेन्सर १८ मिमीपासून २२ मिमीपर्यंत वेगवेगळ्या मापाचे असतात, दुसऱ्याचा कटर उसना आणला की सेन्सर डुगडुगतो. कटर आधी उलटा फिरवून फक्त रंग कापून घ्यावा आणि मग सुलटा, हळू. वेग वाढवला तर प्लास्टिक कापले न जाता वितळते आणि कडेला गुठळ्या धरतात. त्या ब्लेडने काढून काठावर बारीक पॉलिशपेपर फिरवावा. सेन्सर बोटांच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी नको आणि मधल्या गोल पडद्यावर अंगठाही नको, कडेवर दाबावे. गाडीच्या रंगाचे सेन्सर हवेत तर पडद्यावर एकच पातळ हात फवारावा. जाड रंगाने पडदा जड होतो आणि कमी अंतराचे ऐकूच येत नाही.

कंट्रोल बॉक्स, म्हणजे सेन्सरच्या तारा जिथे येऊन जोडतात तो डबा, बॉनेटखाली ठेवू नये. तिथली उष्णता आणि पाणी तो सोसत नाही, जागा डॅशबोर्डखालीच. चारही तारा गुंडाळीदार नळीत घालून, फॅन, एक्झॉस्ट आणि इग्निशन कॉइलपासून दूर ठेवून, मूळ वायरिंग जिथून गाडीच्या आत शिरते त्या भोकाच्या रबरी बुचातून, म्हणजे ग्रोमेटमधून, आत घ्याव्यात. ग्रोमेटला भोक पाडायला टोक बोथट केलेली सायकलची तार घ्यावी. चाकू घातला तर आतली जाड वायरिंग चिरते आणि दुखणे कुठले ते महिनाभर कळत नाही. सेन्सरची तार कापून जोडू नये. ती साधी दिव्याची तार नसते, जोडाशी आवाज दुबळा होतो आणि खोट्या बीपा सुरू होतात. जोडायची तर संचातली प्लगवाली एक्स्टेन्शन वापरावी.

घाटावरच्या कामात आणि इथल्या कामात फरक पडतो तो पाण्यामुळे आणि खाऱ्या हवेमुळे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाशी ठिबकते, आत येत नाही. वर सिलिकॉन सीलंट. तारेला चावून बसणारे झटपट कनेक्टर किनाऱ्यावर अजिबात वापरू नयेत. त्यांच्या पात्याने तांब्याचे धागे तुटतात, फटीतून दमट खारी हवा शिरते आणि पावसाळा संपेपर्यंत तार आतून हिरवी पडते. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत पक्कडीने दाबून, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी, प्लगांत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस भरावे. साधी काळी टेप बॉनेटखालच्या उष्णतेत सुटते, चिकटा तेवढा मागे राहतो.

बंपर चढवण्याआधी सगळे जोडून पाहावे. इंजिन बंद, इग्निशन चालू, संच सुरू. प्रत्येक सेन्सरशी कान नेला की बारीक टिकटिक ऐकू येते. जो टिकटिकत नाही तो एकतर मेलेला किंवा त्याचा प्लग सैल. प्लगांवर ए, बी, सी, डी लिहिलेले असते आणि मागचा संच पुढे लावला की डावे-उजवे उलटू शकते. पुठ्ठा एकेका सेन्सरसमोर धरून डिस्प्लेवरची बाजू जुळते का ते तेव्हाच पाहावे.

एवढे करूनही सेन्सर काय ओळखत नाही ते घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवावे. आवाजाची लहर साधारण ४० किलोहर्ट्झची, म्हणजे साडेआठ मिलिमीटर लांबीची. खडबडीत जांभ्यावरून ती चहूकडे पांगते, म्हणून गडगा तिरका असला तरी थोडा आवाज परत येतो. गुळगुळीत, कललेला पत्रा ती भलतीकडे टोलवतो. मांडवाची बारीक बांबूकाठी, वाळत घातलेली जाळी, कुंपणाची तार, कुत्र्याचे केसाळ अंग यांचा भरवसा नाही. लहान मूल तर सेन्सरवर कधीच सोपवू नये. सगळ्यात फसवा अडथळा म्हणजे बुटका ओटा. सेन्सर ५५ सेंमीवर आणि झोत खाली ३० अंश उघडतो असे धरले, तर ३० सेंमी उंचीची पायरी लांबून दिसते, पण गाडी ४०-४५ सेंमीवर आली की ती झोताखाली जाते आणि बझर गप्प होतो. वाजत असलेला बझर एकदम थांबला तर ब्रेक दाबायचा, पुढे जायचे नाही. ३० सेंमीच्या आत बहुतेक संच नुसते ‘थांबा’ दाखवतात. स्वतःच सोडलेल्या आवाजाची थरथर थांबेपर्यंत त्यांना परतीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याहून अचूक माप मागण्यात अर्थ नाही.

पावसात थेंब किंवा उन्हाळ्यात तांबडी माती पडद्यावर साचली की समोर काही नसताना बीप येते. गोड्या पाण्याने धुऊन ओल्या फडक्याने पुसावे, प्रेशरचा फवारा जवळून मारू नये.

शेवटी, साहेब, जिल्ह्यातल्या ॲक्सेसरी दुकानदारांना आपल्या पत्रातून एक विनंती. ‘पुढे-मागे दोन्हीकडे चालतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच संचांत सेन्सरची तार अडीच मीटरच असते. डिकीत ती पुरते. पुढच्या एका कोपऱ्यातून बॉनेटच्या कडेकडेने डॅशबोर्डखाली पोचेपर्यंत ती संपते, आणि मग गिऱ्हाईक कापून जोडायला बसते. संच विकताना तारेची लांबी, कटरचे माप आणि ब्रेकची तार आहे की नाही, एवढे तरी मराठीत खोक्यावर लिहून द्यावे. घेणाऱ्यानेही दुकानात जाण्याआधी बंपरच्या दूरच्या कोपऱ्यापासून ग्रोमेटमधून आतपर्यंतच्या वाटेवर सुतळी धरून पाहावी आणि तीच सुतळी गुंडाळून सोबत न्यावी.

आपला,
मोटार वायरिंगचे काम करणारा एक वाचक, रत्नागिरी